पाणकड्यावरचं अख्खं अंडं

१

पाणकड्यावर आडवं पडलेलं पाइनचं जुनं खोड कुणीतरी सोललं होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत साल काढलेली, आतलं कुजकं लाकूड उघडं पडलेलं, आणि त्यावर धुक्याचे थेंब.

"एकही राहिली नाही," रानराखणदार अबुंदियो म्हणाला. त्यानं टोपी काढून छातीशी धरली होती, जणू खोडाला माती द्यायला आलाय. "काल संध्याकाळी मी स्वतः बघून गेलो. होत्या सगळ्या."

ओतिलिया येस्कास धापा टाकत वर पोचली होती आणि तिच्या कोपरांना अजून पीठ होतं. यागेला गावात ती पाव भाजायची. जानेवारीत गावसभेनं हात वर करून तिला सिंदिका केलं होतं, म्हणजे चोऱ्या, मारामाऱ्या आणि बांधाची भांडणं यांचा छडा लावणारी अधिकारी. पगार नाही, नकार द्यायची सोय नाही. तिच्याआधी या पदावर बाई बसली नव्हती, आणि तिच्यानंतरही बसू नये अशी गावातल्या काही मिशांची मनापासून इच्छा होती.

चोरीला गेलं होतं ते काडीपेटीतल्या काडीएवढं जनावर. सॅलमँडर. चार पाय, तेही असून नसल्यासारखे, आणि अंग कायम ओलं. यागेलाचे लोक त्याला ओली काडी म्हणत आणि लहानपणी त्याच्यावर मीठ टाकून मजा बघत. मग शहरातून प्राणिशास्त्राच्या डॉक्टर रेनाता ओल्गिन आल्या, गुडघ्यावर बसून या खोडाच्या सालीखाली बघत राहिल्या, आणि म्हणाल्या की ही जात जगात फक्त याच कड्यावर, याच धुक्यात राहते, आणि तीही संपत आली आहे.

रविवारी गावसभा होती. कडा राखायचा की गावकीच्या सॉ मिलला द्यायचा, हे ठरायचं होतं. मिलवाले झाडं तोडणार होते आणि त्या बदल्यात कड्यावरून वरच्या वाडीपर्यंत रस्ता काढून देणार होते. "असलं जनावर कुणी बघितलंय तरी का?" असं निम्मं गाव विचारत होतं, म्हणून डॉक्टरीणबाई रविवारी सगळ्या सभेला इथं आणून ओली काडी दाखवणार होत्या. आता दाखवायला काही उरलं नव्हतं.

ओतिलियानं सालीच्या फळ्या पाहिल्या. एकीवर एक, नीट रचून ठेवलेल्या. कुऱ्हाडीचा घाव कुठंच नाही. ज्यानं हे केलं त्याचे हात घाईचे नव्हते. मग ती खोडाच्या चढाकडच्या अंगाला गेली आणि सवयीनंच शेवाळ दाबून पाहिलं. बोटांना काहीतरी गुळगुळीत लागलं. अंडं होतं. अख्खं, निळसर कवचाचं.

अबुंदियो दरीकडे बघत होता. तिनं अंडं शालीखाली घातलं.

"सापडलं काही?"

"काही नाही," ती म्हणाली. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे तिनं ते खोडाकडे बघत सांगितलं.

डिसेंबरच्या त्या थंडीत अख्ख्या यागेलात एकाच घरच्या कोंबड्या अंडी देत होत्या. आणि त्या घरच्या भट्टीत आत्ता तिचेच पाव करपत होते.

२

खुराडं भट्टीच्या भिंतीला लागून होतं, एवढंच त्यातलं गुपित. बाकीच्यांच्या कोंबड्या थंडीत रुसून बसायच्या, ओतिलियाच्या ऊब खाऊन अंडी घालायच्या. त्यामुळे हिवाळ्यात सगळं गाव अंडी विकत घ्यायला तिच्या दाराशी यायचं.

डोंगराकडून काही घेतलं तर डोंगराला काही द्यायचं, हे यागेलात पोराला चालायच्या आधी कळतं. झाड तोडलं तर मेस्काल दारूचा घोट ओतायचा. शिकार केली तर अंडं फोडून ठेवायचं. मधमाशांचं पोळं, पोपटाचं पिल्लू असं काही जिवंत न्यायचं असेल तर मात्र अंडं अख्खं ठेवायचं, चढाकडच्या अंगाला, शेवाळाखाली, कुणाला दिसणार नाही असं. म्हणजे चोर गावचाच होता आणि त्यानं ओल्या काड्या जिवंत नेल्या होत्या. चोरी करतानाही त्याच्यानं रिवाज मोडवला नव्हता.

आणि त्यानं अंडं तिच्याच घरून नेलं होतं. विकत नेणारे पुष्कळ होते, पण न विचारता खुराड्यात हात घालणारा माणूस तिला एकच माहीत होता.

ती खाली उतरेपर्यंत त्याला कोठडीत टाकलंही होतं. सॉ मिलचा व्यवस्थापक मेलितोन यानं त्याला सकाळी कड्यावरून उतरताना पाहिलं होतं, आणि गावच्या शिपायांना तेवढं पुरलं.

रोसालिनो तिच्या भावाचा मुलगा. भट्टीमागच्या खोलीत झोपायचा, मिलचा ट्रक चालवायचा. पोरवयात उत्तरेला लॉस एंजेलिसला पळाला होता तो बाप मेल्यावरच परतला, आणि तोवर त्याच्या बापाला माती देऊन झाली होती. आता सभेनं त्याला चोर ठरवलं तर गावकीतून नाव जाणार होतं. नाव गेलं की जमीन नाही, घर नाही, दफनाला जागासुद्धा नाही. मग तो पुन्हा उत्तरेला जाईल आणि या वेळी परत यायला त्याला गावच उरणार नाही. ओतिलियाला मूलबाळ नव्हतं. तो गेला तर तिच्या घरात पावांशिवाय वाट बघण्यासारखं काही राहणार नव्हतं.

कोठडीत तो पालथ्या बादलीवर बसून मक्याच्या पानात वाफवलेले तामाल खात होता.

"कड्यावर कशाला तडमडला होतास?"

"फोनला रेंज तिथं नाहीतर खालच्या सडकेवरच मिळते, आत्या. तुला माहितीय."

"कुणाला फोन केलास?"

त्यानं मक्याचं पान चाटूनपुसून साफ केलं. "ते सोड ना."

"मी सोडीन. सभा सोडेल का?"

"त्या किड्यांना कोण चोरणार गं? फुकट दिले तरी घेणार नाही कुणी."

"फोन दे तुझा."

"नाही देणार."

लहानपणी जॅमची बरणी मागं लपवून उभा राहायचा तेव्हा त्याचा चेहरा असाच व्हायचा. ओतिलिया दाराकडे वळली.

"तामाल कुणी आणले?" जाता जाता तिनं विचारलं.

"फिदेन्सियामावशीनं. सकाळपासून दोनदा येऊन गेली. तुझ्यापेक्षा तिलाच माझी काळजी."

३

मेलितोन मिलच्या आवारात फळ्यांवर बसून नखं साफ करत होता. नखांत लाल रंग होता.

"या, सिंदिकाबाई. भाच्याची रदबदली करायला आलात?"

"तुम्ही सकाळी कड्यावर काय करत होता ते विचारायला आलेय."

"फिरत होतो."

"रंगाचा डबा घेऊन? सभेचं ठरायच्या आधीच झाडांवर खुणा करून आलात ना?"

मेलितोन हसला. लपवायची त्याला गरज वाटत नव्हती. "रविवारी तेच ठरणार आहे. मी आपला वेळ वाचवला. तुमची ती डॉक्टरीणबाई काडीसाठी रडतेय, आणि वरच्या वाडीतल्या बायका बाळंतपणाला डोलीत बसून कडा उतरतात. त्यांच्यासाठी कोण रडणार?"

ओतिलियानं शालीखालून हात काढून विचारलं, "डोंगराला काय दिलंत, खुणा करताना?"

"मी?" तो थुंकला. मेलितोन शहरातल्या हालेलुयावाल्या नव्या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीत जाऊन बरीच वर्षं झाली होती. मेस्काल सोडलं होतं, संतांच्या मिरवणुका सोडल्या होत्या. "डोंगराला भाकऱ्या-अंडी घालायला मी काय अडाणी आहे? देव एकच आहे, बाई. तो अंडी खात नाही."

"रोसालिनोला तुम्ही काय करताना पाहिलंत?"

"उतरताना. हातात काहीतरी धरलं होतं, चोरासारखं. आणि हेही ऐका, तुमच्या कानावर आलेलं दिसत नाही. परवा त्यानं मला विचारलं, माझ्या जागी ट्रकला दुसरा माणूस मिळेल का म्हणून."

उत्तरेला चोरवाटेनं नेणारे दलाल फुकट नेत नाहीत, हे सगळ्या डोंगराला ठाऊक होतं. आणि दुर्मिळ जनावरांना परदेशात भलतेच भाव येतात, हे डॉक्टरीणबाईंनी स्वतः शाळेत येऊन सांगितलं होतं. रोसालिनो तेव्हा पहिल्या बाकावर बसला होता.

४

घरी जायचं तिला धाडस होईना, म्हणून ती देवळात शिरली. तिथं फिदेन्सिया होती. यंदा बाळयेशूचं यजमानपण, म्हणजे नाताळच्या देखाव्याची जबाबदारी, तिच्याकडे होतं, त्यामुळे देवळाची किल्लीही तिच्याच कमरेला. फिदेन्सियाच्या थोरल्या मुलीला, मार्सेलिनाला, ओतिलियानं बाप्तिस्म्याला मांडीवर घेतलं होतं. तेव्हापासून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत, सख्ख्या बहिणींहून जवळच्या. मार्सेलिना पहिल्या बाळंतपणात डोलीतच गेली, वाडी आणि खालची सडक यांच्या मध्ये कुठंतरी.

बेथलेहेमचा देखावा वेदीच्या डाव्या बाजूला मांडला होता. मेंढ्या, बैल, गाढव, गोठ्यावर झापाचं छप्पर असायचं तिथं यंदा सालीचं, आणि सगळीकडे हिरवंगार शेवाळ. दिव्यांची माळ खाली तशीच गुंडाळून पडली होती.

"माळ लावली नाहीस?"

"वायर जळलीय." फिदेन्सियानं तांब्यातलं पाणी शेवाळावर शिंपडलं. मग मेणबत्ती घेऊन जवळ आलेल्या म्हातारीवर ती खेकसली, "तिकडे लाव ती, मावशी, दाराशी. इथं धूर नको."

"तू रोसालिनोला जेवण नेलंस. बरं केलंस गं."

"पोर उपाशी राहील म्हणून." फिदेन्सियानं तांब्या दुसऱ्या हातात घेतला. "कोमाद्रे, नाव काढतील त्याचं?"

"सभा आहे. काय सांगावं."

"पण ती बाहेरची बाई, तिच्यावर कसा कुणाचा संशय नाही? तिच्याकडे बाटल्या आहेत. मी बघितल्यात. दारूत जनावरं बुडवून ठेवते ती."

"ल्युसी कशी आहे?" ओतिलियानं विचारलं. फिदेन्सियाची धाकटी मुलगी वरच्या वाडीत दिली होती.

"पाय सुजलेत. जानेवारीत होईल म्हणतात." फिदेन्सियानं पुन्हा पाणी शिंपडलं, आधीच ओल्या असलेल्या जागी.

डॉक्टरीणबाई पाहुण्यांच्या खोलीत होत्या, आणि बाटल्या खरंच होत्या. टेबलावर रांगेत, आत स्वच्छ अल्कोहोल, झाकणं घट्ट.

"यांत काय ठेवणार होता?" ओतिलियानं दारातूनच विचारलं.

रेनाता ओल्गिन यांनी चष्मा काढला. रडून त्यांचे डोळे लाल झाले होते, पण ओतिलियानं त्यावरून काही ठरवलं नाही. रडणं कुणालाही जमतं.

"जातीला नाव द्यायचं तर एखादी ठेवावी लागते. नियम आहे."

"म्हणजे वाचवायच्या आधी मारायची."

"एखादी. तीसुद्धा रविवारनंतर, सभेनं परवानगी दिली तर. मला त्या सगळ्या चोरायची काय गरज?"

"डोंगराला काय देता तुम्ही, वर गेल्यावर?"

"अबुंदियो सांगतो म्हणून मेस्काल ओतते थोडं. का?"

अंड्याचं त्यांना माहीत नव्हतं, किंवा माहीत नसल्याचं त्या दाखवत होत्या. ओतिलिया त्यांना घेऊन पुन्हा कड्यावर गेली. दोघींनी सालीच्या फळ्या उचलून खोडावर परत बसवायला घेतल्या. ओतिलियाला ते सोपं गेलं. पावाचे पत्रे भट्टीत बसवणाऱ्या बाईला कुठली कड कुठं लागते ते दिसतं. शेवटी खोडाच्या मध्यावर एक जागा उघडीच राहिली, पावाच्या पत्र्याएवढी.

"एक फळी गायब आहे," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाई गुडघ्यांवर बसल्या. "इथंच आई होती. सालीच्या आतल्या बाजूला अंडी चिकटवून त्यांच्याभोवती वेटोळं घालून बसलेली."

"कुणाला दाखवलं होतं हे?"

"सगळ्यांना. वाट साफ करायला बायका आल्या होत्या ना, तुमच्या त्या तेकियोच्या दिवशी? गावासाठी फुकट काम करता तो दिवस. त्यांनाही दाखवलं. एक बाई तर इथून उठायलाच तयार नव्हती."

"कोण?"

"नाव नाही माहीत. तुम्हा सगळ्यांच्या शाली सारख्याच असतात."

ओतिलियानं मन घट्ट करून पुढचं विचारलं. "कुणी त्यांना गरम खोलीत ठेवलं असेल तर? भट्टीमागं, समजा."

"मेल्या असतील. त्यांना फुप्फुसं नसतात, सिंदिकाबाई. कातडीनं श्वास घेतात. कातडी सुकली की संपलं. तळहातावर फार वेळ धरली तरी मरते. गारवा हवा, ओल हवी, धूर अजिबात नको."

५

शनिवारी ओतिलियानं नाताळचे पाव भाजायला घेतले आणि पहिलीच खेप जाळली. रोसालिनोची खोली तिनं आधीच उलटीपालटी केली होती. गादीखाली काही नव्हतं, आणि भिंत इतकी तापलेली की हात ठेववत नव्हता. इथं ओली काडी तासभरही जगली नसती. तिला हायसं वाटलं आणि लगेच स्वतःचाच संशय आला, की मला हायसं वाटायला हवंय म्हणून तर मी असा विचार करत नाही?

म्हणून तिनं उलट बाजूनं सुरुवात केली. चोराला त्या जिवंत हव्या होत्या. ठीक. मग यागेलात डिसेंबरमध्ये कुठं ठेवेल? कड्यावर धुकं असतं, पण गाव खाली, उन्हात, कोरडं ठणठणीत. घराघरात चूल पेटलेली, धुरानं छतं काळी. मिलमध्ये भुसा आणि इंजिनाची धग. पाहुण्यांच्या खोलीत सरकारी हीटर. चूल नाही, धूर नाही, जाड दगडी भिंती, भर दुपारी गार, अशी जागा गावात एकच होती.

आणि तिथलं शेवाळ हिरवं होतं. नाताळच्या देखाव्याचं शेवाळ गावकरी महिन्याच्या सुरुवातीला आणतात, आणि नाताळ येईपर्यंत ते वाळून पिवळं पडतं. दरवर्षी. कुणी त्यावर पाणी शिंपडत नाही. कुणी म्हाताऱ्या बाईला मेणबत्तीवरून हाकलत नाही. आणि दिव्यांची माळ जळाली असेल तर लोक ती लावून बघतात, तशीच गुंडाळून ठेवत नाहीत.

गोठ्याच्या छपराचं तिला शेवटी आठवलं. सालीचं छप्पर, पावाच्या पत्र्याएवढं.

देवळाची किल्ली कुणाकडे होती ते विचारायची गरज नव्हती. ओतिलिया भट्टी तशीच उघडी टाकून रस्त्यावर आली, आणि आयुष्यात पहिल्यांदा कोमाद्रेच्या दाराशी जाताना तिचे पाय जड झाले.

फिदेन्सिया मका निवडत होती. तिनं वर पाहिलं आणि निवडणं थांबवलं.

"जिवंत आहेत," ती म्हणाली. "मरू दिल्या नाहीत मी. डोंगराला अंडंही दिलं, तुझ्याकडूनच विकत नेलेलं. रविवार झाला की पलीकडच्या ओढ्यात नेऊन सोडणार होते."

"आणि रोसालिनो?"

"मला वाटलं संशय डॉक्टरीणबाईवर जाईल. ती काय, गाडीत बसून निघून जाईल, तिचं काय बिघडतंय? तो मेलितोन रोसालिनोचं नाव घेईल हे मला काय माहीत होतं..." तिनं शाल तोंडावर ओढली. "मार्सेलिना माझ्या डोळ्यांसमोर गेली, कोमाद्रे. डोली खाली ठेवायलाही सपाट जागा नव्हती. आता ल्युसीचे दिवस भरत आलेत. काड्या दिसल्या नाहीत तर रस्ता होईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं."

"मग मारून का नाही टाकल्यास?"

"ती आई बसली होती ना तिथं. अंड्यांना कवटाळून." फिदेन्सियाचा आवाज बारीक झाला. "कशी मारू?"

ओतिलियाला तिच्याजवळ बसावंसं वाटत होतं. ती बसली नाही. "उद्या सभेत तू स्वतः सांग. मी तोंड उघडायच्या आत."

फिदेन्सिया पुन्हा मका निवडायला लागली.

६

सभेला गाव लोटलं होतं. बाकांवर माणसं, दाराबाहेर माणसं. रोसालिनोला दोन शिपायांमध्ये बसवलं होतं. फिदेन्सिया बायकांत तिसऱ्या बाकावर, मांडीवर हात ठेवून बसली होती.

मेलितोननं आपलं सांगून घेतलं. कुणीतरी ओरडलं, "नाव काढा आणि मोकळे व्हा." अध्यक्षांनी ओतिलियाकडे पाहिलं. ओतिलियानं तिसऱ्या बाकाकडे पाहिलं. फिदेन्सिया खाली बघत होती. ओतिलिया थांबली, जेवढं थांबता येईल तेवढं, आणि मग उठली.

तिनं शालीखालून अंडं काढून टेबलावर ठेवलं.

"हे खोडाजवळ सापडलं. माझ्याच कोंबडीचं आहे. मी हे तुमच्यापासून लपवलं, कारण मला भाच्याची भीती वाटली. त्याची शिक्षा मला नंतर द्या."

हशा पिकला. "कोंबडीला घाला कोठडीत," मागून कुणीतरी म्हणालं.

"अख्खं अंडं आहे," ओतिलिया म्हणाली, आणि हसणं थांबलं. त्याचा अर्थ तिथं पोरासोरांनाही कळत होता. "म्हणजे डॉक्टरीणबाई नव्हत्या. त्यांना हा रिवाज ठाऊक नाही."

"मेलितोननं मुद्दाम ठेवलं असेल, आपल्याला फसवायला."

"फसवायला ठेवलेली वस्तू माणूस दिसेल अशी ठेवतो. हे शेवाळाखाली पुरलं होतं. मेलितोन डोंगराला रंग देतो, अंडी देत नाही. मेलितोन, रोसालिनोच्या हातात होतं ते केवढं होतं?"

मेलितोननं खांदे उडवले. "हाताएवढं."

"खोडाची एक फळी गायब आहे, पावाच्या पत्र्याएवढी. ती कुणी मुठीत धरून नेत नाही. त्याच्या हातात फोन होता."

रोसालिनोनं मान वर केली. "दलालाला फोन करत होतो," तो कोरड्या आवाजात म्हणाला. "उत्तरेला न्यायला सांगत होतो. आत्याला कळू द्यायचं नव्हतं."

ओतिलियाला ते अंगावर उकळतं पाणी पडावं तसं लागलं. पण तिचं बोलणं संपलं नव्हतं. गारव्याचं तिनं सांगितलं, धुराचं सांगितलं, हिरव्या शेवाळाचं सांगितलं. सांगता सांगता बायकांची डोकी एकेक करून तिसऱ्या बाकाकडे वळली. नाव घ्यायची वेळ आली तेव्हा तिनं तेही घेतलं.

फिदेन्सिया उठली. तिनं कमरेची किल्ली सोडली आणि टेबलावर अंड्याशेजारी ठेवली.

सगळी सभा चौक ओलांडून देवळात गेली. डॉक्टरीणबाईंनी बॅटरी धरली आणि गोठ्याचं छप्पर हलक्या हातानं तिरकं केलं. आतल्या बाजूला ती होती, काडीएवढी, वेटोळं घालून, आणि वेटोळ्यात मोहरीहून थोडी मोठी पारदर्शक अंडी. लोक पाळीपाळीनं पुढं आले, वाकले आणि बाजूला झाले. निम्म्यांनी लहानपणी या जनावरावर मीठ टाकलं होतं.

हात वर झाले तेव्हा कडा राखायचं ठरलं. वरच्या वाडीला रस्ता पलीकडच्या उतारानं काढायचा, गावानं स्वतः, तेकियो करून, असंही ठरलं. त्याला किती वर्षं लागतील ते कुणी बोललं नाही. रोसालिनो सुटला. काड्या जिवंत होत्या म्हणून फिदेन्सियाचं नाव गावकीत राहिलं, पण बाळयेशूचं यजमानपण तिच्याकडून काढून घेतलं. ती ओतिलियाच्या जवळून गेली आणि तिनं तिच्याकडे पाहिलं नाही.

७

रोसालिनोनं जायचा बेत सोडला नव्हता, फक्त आता तो उघडपणे सांगत होता. जानेवारी संपला की निघणार. ओतिलियानं त्याला अडवलं नाही. ज्याच्यावर आपण संशय घेतला त्याला थांब म्हणायला तोंड कुठून आणायचं?

मग एका सकाळी चौकातला कर्णा बोलला. वरच्या वाडीत ल्युसीला कळा सुरू झाल्या होत्या, मूल आडवं होतं, खांदे हवे होते. लोक हातातलं टाकून धावले. ओतिलिया पोचली तेव्हा ल्युसी डोलीत होती, तोंडात शालीचं टोक, आणि पुढच्या दांडीखाली रोसालिनोचा खांदा होता. मेलितोन मागच्या दांडीखाली होता. धुक्यात चार पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. कड्याच्या चिखलात एकाचा पाय सटकला तेव्हा ओतिलियानं त्याच्या जागी दांडी खांद्यावर घेतली आणि सडकेपर्यंत सोडली नाही. फिदेन्सिया डोलीशेजारून चालत होती, मुलीचा हात धरून.

खाली गाडी थांबली होती. ल्युसीला आत चढवलं, फिदेन्सिया मागोमाग चढली. दार लावायच्या आधी तिनं ओतिलियाकडे पाहिलं, सभेनंतर पहिल्यांदा.

"रस्ता असता तर एव्हाना दवाखान्यात असतो," ती म्हणाली.

"हो," ओतिलिया म्हणाली. "असतो."

गाडी गेली. खांदेकरी सडकेच्या कडेला बसून राहिले, कुणी उठेना. बऱ्याच वेळानं मेलितोनचा फोन वाजला. त्यानं ऐकलं आणि सगळ्यांना सांगितलं. पोट फाडावं लागलं, पण मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.

रोसालिनो खांदा चोळत आत्याशेजारी येऊन बसला. दांडीनं त्याचा शर्ट फाटला होता आणि खालची कातडी सोलवटली होती.

"आत्या," तो म्हणाला, "वरच्या वाडीत अजून एकीला दिवस गेलेत म्हणे."

"हो, अबुंदियोच्या सुनेला."

"कधी आहे?"

"पावसाच्या तोंडावर."

त्यानं पुढच्या दांडीकडे पाहिलं. ती चिखलात पडली होती. "मग तोवर तरी मला जाता येणार नाही," तो म्हणाला. "उतरताना पुढं उंच माणूस लागतो."

ओतिलियाला रडू आलं. भर सडकेवर, सगळ्यांसमोर, गावची सिंदिका हमसून हमसून रडली, आणि तिला अडवायला कुणी पुढं आलं नाही.